मध्यक

डॉक्टर फेअरक्लफ आकडा सांगणार होत्या तेव्हा
खाली कोणीतरी व्हॅन मागे घेत होतं.
तो टीं टीं आवाज थांबेपर्यंत त्या थांबल्या,
मग म्हणाल्या, मीडियन, चौदा-पंधरा महिने.
मला ऐकू आलं: मध्यक.
शेफील्डच्या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवलं मी.
पोरं उंचीनुसार भिंतीशी उभी करायची,
मधल्याच्या डोक्यावर डस्टर ठेवायचं,
हा बघा. अर्धे याच्या अलीकडे, अर्धे पलीकडे.
पलीकडची रांग दाराबाहेर कुठवर गेली
हे परीक्षेत येत नसे.

तीस दिवस किरण. शनिवार-रविवार सुट्टी,
जणू गाठही कुठे नोकरीला होती.
गरम पाण्यात मऊ केलेली पांढरी जाळी
श्रीरंगच्या तोंडावर ताणून बसवली,
आणि रोज तिच्यासकट त्याला टेबलाशी खटक्यांनी जखडलं.
आत तो ट्रॅमचे थांबे म्हणायचा, मनातल्या मनात:
मॅलिन ब्रिज, हिल्सबरो...
कॅथीड्रल येईपर्यंत यंत्र बंद व्हायचं.
एकोणीस वर्षं चालवली त्याने ती गाडी.
पहिल्या झटक्यानंतर परवाना पाकिटात घालून परत पाठवला.
पाकीट मी चिकटवलं.

रात्री कॅप्सूल, उपाशी पोटी.
मी हात लावायचा नाही, लावलाच तर हातमोजे.
मी शिवायचं नाही असं काहीतरी
तो पाण्याबरोबर गिळायचा, आणि आम्ही
आवाज बंद करून बागकामाचा कार्यक्रम बघायचो.

मध्यक आला तो गुरुवार होता.
मी कढई घासत होते.
कुणाला सांगितलं नाही. त्यालाही नाही.

आता एकतिसावा महिना.
वाचला बाई, म्हणतात सांगलीहून फोनवर, वाचला.
हो, वाचला.
वाचता मात्र येत नाही आता त्याला.
दुसऱ्या ओळीवर गेला की पहिली घसरून पडते.
किसणीला तो खरखरीत म्हणतो, किटलीला शिट्टीवाली,
आणि एकदा जिन्यात, दिवा लागायच्या आधी,
मला ताई म्हणाला.
मी "ओ" दिली. काय करणार?

दुपारभर झोपतो. उठला की चिडतो,
मग चिडल्याबद्दल रडतो, मग चहा मागतो.
डोक्यावर उजवीकडे एक चौकोन आहे, तिथे केस परत आलेच नाहीत.
भुरभुर सुरू झाली की त्याला आधी तिथे कळते.
"कपडे," एवढंच म्हणतो, आणि मी धावते.
मुखवटा त्याने मॉरिसन्सच्या पिशवीतून घरी आणला होता.
शेडला टांगलाय. यंदा घेवडा त्याच्या हनुवटीतून घुसून
कपाळातून बाहेर आला.
मला बघवत नाही. तो रोज पाणी घालतो.

दर तीन महिन्यांनी स्कॅन.
डॉक्टर म्हणतात, बदल नाही. मी त्याला सांगते, जैसे थे.
तो हसतो. "जैसा होतो तैसा कुठाय?"
असं काही बोलला की वाटतं, हा काय, इथेच आहे.

काल आम्ही निळ्या मार्गाने टोकापर्यंत गेलो.
त्या शेवटच्या थांब्याचं नाव हाफवे.
अर्ध्या वाटेला टोक म्हणणारं हे गाव,
इतकी वर्षं मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.
सगळे उतरले. ड्रायव्हर पोरगी किल्ली घेऊन
डब्यातून चालत दुसऱ्या टोकाला निघाली.
उतरायचं नाही का, असं तिने विचारलं नाही,
त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवून गेली.
"गाडी वळत नाही," तो मला सांगू लागला,
मला, जिने हे शंभरदा ऐकलंय,
"माणूस जागा बदलतो."

परतताना थांबे उलटे म्हणत होता.
वेस्टफील्ड. वॉटरथॉर्प.
तिसरं नाव आलं नाही.
ओठ तसेच उघडे राहिले.
मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.
गाडी हळू झाली,
पाटी खिडकीत आली,
ती त्याने एका दमात वाचली.